धडा

खोर खुवैरच्या काट्यावर दिवसाला दोनशे ट्रक.
प्रत्येक जण डोंगराचा एक लचका घेऊन येतो.
आकडा आधी थरथरतो, वर जातो, खाली येतो,
आणि मी खिडकीतून माइकवर बजावते,
"हिलना मत, उस्ताद. नंबर रुकने दो."
गुल जमान हसतो. पाय ब्रेकवर,
ट्रकचं पोट अजून डुलतंय.
बासष्ट टन चारशे ऐंशी.
त्यातून रिकामी गाडी वजा.
उरला तो दगड.

आबा बार्शीच्या अडतीत मापाडी होते.
त्यांच्या मोजणीत एक नव्हताच.
पहिलं पोतं चढलं की म्हणायचे, लाभ.
मग दोन, मग तीन.
पण त्याआधी हलक्या पारड्यात एखादा खडा टाकायचे,
काटा मधोमध येईपर्यंत.
"धडा केल्याशिवाय तोलू नये, पोरी.
तराजूचंही स्वतःचं काही म्हणणं असतं."

रात्री टायरच्या दुकानामागे जिम.
एसी आहे, म्हणजे त्याचा आवाज आहे.
रोडेल दिवसा बंदरावर जहाजांचे दोर बांधतो,
रात्री माझी पाठ बघतो, वाकली की शिट्टी मारतो.
अंगठा बोटांखाली चिरडून बार धरायला त्यानंच शिकवलं.
पहिला महिना मी रडले,
नंतर अंगठाच कंटाळला.
माझ्या मोजणीतला एकच शब्द त्याला लागला.
लोखंड जमिनीवरून सुटलं की ओरडतो, "लाप!"

खोलीतली शायनी विचारते, पैसे मिळतात का गं?
नाही, भरावे लागतात.
मग ती माझ्या सोललेल्या नडग्यांना
हॉस्पिटलातलं मलम लावते, पुढं बोलत नाही.

तिला कसं सांगू,
बार माझ्याबद्दल काही ऐकून आलेला नसतो.
एकोणचाळीस वय, मोडलेला संसार,
बार्शीला दर महिन्याला जाणारे पैसे,
यातलं काहीच त्याला ठाऊक नाही.
काल उचलला म्हणून आज ओळख देत नाही.
असा निर्मळ परकेपणा
मला माणसांत सापडला नाही.

अजमानला स्पर्धा. लग्नाचा हॉल,
कोपऱ्यात अजून सोनेरी खुर्च्यांची चळत.
सकाळी मलाच काट्यावर उभं केलं.
छप्पन्न किलो नऊशे.
आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब नाही,
जीभ म्हणजे वाळलेली चिंच.

एकशे तीस सहज आले.
एकशे साडेसदतीस गुडघ्यापाशी अडले,
जिना चढता चढता कुणी नाव विसरावं तसे.
बार खाली. मी खाली बघत नाही.
सहा मिनिटं. रोडेल पाठीवर थाप मारतो, खडू उडतो.

तिसऱ्यांदा तेच वजन.
लाभ, म्हटलं मनात.
गुडघे ओलांडले. मांड्या थरथरल्या. खांदे मागे गेले.
उभी राहिले मी! सगळा हॉल ओरडला,
आणि त्या ओरडण्यात
पंचाचा हात खाली येण्याआधीच
मी बार सोडला.

तीन लाल दिवे.

काट्यावरची बाई मी,
दिवसातून दोनशे वेळा इतरांना सांगणारी.

परतीच्या बसमध्ये रोडेलनं उकडलेली अंडी सोलली,
टरफलं नीट कागदात बांधली.
राक येईपर्यंत मी मागचा अर्धा सेकंद
पुन्हा पुन्हा तोलत होते.
तो वजनात कुठेच बसत नव्हता.

शनिवारी गुल जमाननं काच खाली केली.
"कितना?"
सांगितलं. "लेकिन गिना नहीं."
तो हसला नाही.
आकडा केव्हाच स्थिरावला होता, पावती छापून झाली होती,
तरी पाय ब्रेकवर ठेवून तो बसून राहिला.
मागचे चार ट्रक हॉर्न मारत होते.
"बोलो तो जाऊं," म्हणाला.

रात्री एकही चकती लावली नाही.
नुसता दांडा, वीस किलो.
उचलून उभी राहिले.
पंच नाही, दिवे नाहीत.
बाहेर कुणीतरी टायर गडगडवत नेत होतं,
तो आवाज पार संपला, तरी उभीच.
रोडेलनं घड्याळाकडं बघितलं,
शटरची किल्ली खिशातून काढली, पुन्हा ठेवली.